व्हॉल्व्हची ऊब आणि क्षेपकाचा प्रश्न

डिजिटल ध्वनी कोरडा असतो, निर्जीव असतो. त्याला व्हॉल्व्हमधून, म्हणजे जुन्या रेडिओच्या पाठीमागच्या फटींतून मिणमिणताना दिसणाऱ्या काचेच्या नळीतून, एकदा गाळून घेतले की त्यात पुन्हा प्राण येतो, हे विधान हल्ली इतक्या सहजपणे केले जाते की ते सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर आहे याचा विधान करणाऱ्यांना विसर पडला आहे. आकड्यांचे विद्युत्-लहरीत रूपांतर करणाऱ्या यंत्राला व्यवहारात 'डॅक' म्हणतात. या डॅकच्या पुढे व्हॉल्व्हचा एक टप्पा जोडायचा, त्याला 'बफर' म्हणायचे, आणि मग ऐकणाऱ्याने 'ऊब', 'श्वास', 'माणूसपण', 'आत्मा' अशा शब्दांत त्याची महती सांगायची, असा हा रिवाज आहे. आमचा वाद व्हॉल्व्हशी नाही. आमचा वाद या शब्दांशी आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी हा विषय आपला नव्हे म्हणून बाजूला सारू नये. हे शब्द ध्वनितंत्रज्ञांनी घडवलेले नाहीत. ते आपल्या टीकालेखनातून तिकडे गेले आहेत. कवितेत 'मातीचा गंध' आणि कथेत 'जिवंत धग' शोधण्याची सवय आपण लावली आणि त्या शब्दांना नेमके काय म्हणायचे आहे हे विचारण्याची सवय मात्र लावली नाही. त्याचे फळ आता ध्वनिसंग्रहांच्या कपाटापर्यंत पोचले आहे. ते कसे, हे पुढे येईलच. आधी ही वस्तू बनते कशी ते पाहू, कारण ज्या वस्तूबद्दल आत्म्याची भाषा बोलली जाते ती वस्तू उघडून पाहणे हा त्या भाषेवरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

१९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर ध्वनी प्रत्येक वाहिनीसाठी सेकंदाला ४४,१०० आकडे या हिशेबाने साठवलेला असतो. दोन आकड्यांच्या मधल्या जागेत काय असते, असा प्रश्न विचारून 'तिथे संगीत हरवते' असे उत्तर देणारे लोक पुष्कळ आहेत. प्रश्न काव्यमय आहे, उत्तर चूक आहे. लहरीच्या वारंवारितेला वरची मर्यादा असेल आणि आकडे त्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक वेगाने घेतलेले असतील, तर त्या आकड्यांतून जाणारी लहर एकच एक निघते, दुसरी निघूच शकत नाही. हॅरी नायक्विस्ट यांच्या १९२८ च्या आणि क्लॉड शॅनन यांच्या १९४९ च्या निबंधांपासून हे गणित सर्वांसाठी खुले आहे. आकड्यांमधली जागा म्हणजे ओळींमधला अर्थ नव्हे. तिथे काही दडलेले नसते, म्हणून तिथून काही हरवतही नाही.

अर्थात सुरुवातीच्या तक्रारी अगदीच निराधार नव्हत्या. पहिल्या पिढीतील काही यंत्रांत डाव्या आणि उजव्या वाहिनीसाठी मिळून एकच रूपांतरक आळीपाळीने राबवला जात होता. ऐकू येणाऱ्या पट्ट्याच्या लगेच वर कडक गाळणी बसवावी लागे आणि तिचे परिणाम खालीही उमटत. पण ते दोष अभियांत्रिकीचे होते आणि अभियांत्रिकीनेच ते दूर केले. दोष गेला, दोषाबद्दलची भाषा मात्र राहिली. आज साध्या फोनसोबत चालणारे छोटे डॅकसुद्धा १९८२ च्या यंत्रांपेक्षा कितीतरी शुद्ध आहे, आणि त्याच्यापुढेही व्हॉल्व्ह लावून 'कोरडेपणा' घालवला जातो.

आता बफर. त्याचे काम एका वाक्यात सांगता येते: आधीच्या टप्प्यावर पुढच्या टप्प्याचे ओझे पडू न देणे. तो आवाज वाढवत नाही. घेतले तेवढेच पुढे द्यायचे, पण देताना हात भक्कम ठेवायचा. व्हॉल्व्हमध्ये हे काम 'कॅथोड फॉलोअर' नावाची मांडणी करते. ईसीसी८८ ही दुहेरी ट्रायोड नळी घेऊ. ती मुळात टेलिव्हिजनच्या ट्यूनरसाठी बनवलेली होती, आणि आज जिला 'संगीतमय' म्हणतात तिची जन्मकथा ही अशी आहे. १८० व्होल्टचा पुरवठा थेट प्लेटला द्यायचा. कॅथोडपासून जमिनीपर्यंत ९ किलोओहमचा रोधक लावायचा. नळीतून १० मिलिअँपिअर वाहू लागले की कॅथोड ९० व्होल्टवर स्थिरावतो आणि नळीच्या वाट्यालाही ९० व्होल्ट येतात. नळीत ०.९ वॅट जळतात, तेवढेच रोधकात. म्हणून रोधक ३ वॅटचा घ्यावा, नाहीतर तो भाजतो. ग्रिड कॅथोडपेक्षा दीड-दोन व्होल्ट खाली ठेवायची. तिच्या अगदी तोंडाशी काहीशे ओहमचा छोटा रोधक हवा, कारण टेलिव्हिजनसाठी बनलेली ही नळी मोकळी सोडली तर ऐकू न येणाऱ्या उच्च वारंवारितेवर स्वतःच गुणगुणू लागते.

मग उरते बाहेर पडण्याची वाट. कॅथोडवर ९० व्होल्ट आहेत; ते पुढच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जाता कामा नयेत. म्हणून मध्ये २.२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पुढच्या यंत्राचा भार १० किलोओहम असेल तर ही जोडी ७ हर्ट्झच्या आसपास खालचा दरवाजा लावते, म्हणजे गाण्याला अडथळा नाही. यंत्र सुरू केल्यावर नळी तापेपर्यंत आणि हा कपॅसिटर भरेपर्यंत स्पीकरमध्ये धप्प असा आवाज होतो. तो टाळायला अर्धा-पाऊण मिनिट वाट अडवून धरणारा रिले लागतो. हीटरला ६.३ व्होल्ट वेगळे; कॅथोड एवढा उंच बसलेला असताना हीटर आणि कॅथोड यांच्यातील दाबाची मर्यादा ओलांडली जात नाही ना, हेही पाहावे लागते. आणि एक गोष्ट आत्म्याबद्दल बोलणारे सहसा सांगत नाहीत: १८० व्होल्टचा एकदिश दाब माणूस मारू शकतो, बटण बंद केल्यावरही पुरवठ्याच्या कपॅसिटरांत तो राहतो, आणि तो निचरून टाकणारा रोधक लावल्याशिवाय आणि मीटरने मोजल्याशिवाय पेटीत हात घालू नये.

इतके सगळे केल्यावर हाती काय येते? या मांडणीत बाहेर जाणारी सगळीच्या सगळी लहर नळीच्या आतल्या लहरीतून वजा होते. अभियंते याला शंभर टक्के निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. साध्या भाषेत, नळीने स्वतःचे काही घातले की ते तिच्याच अंगावर परत येते आणि दबले जाते. शंभर दिले तर सुमारे सत्त्याण्णव बाहेर येतात, आणि ते जवळपास जसेच्या तसे. विकृती इतकी थोडी की बहुतेक कानांना ती कळणार नाही. म्हणजे कॅथोड फॉलोअर नीट आरेखला तर तो मुका असतो. बफराने मुकेच असायला हवे. ते त्याचे कर्तव्य आहे.

इथेच हा सगळा डोलारा कोसळतो, आणि आमच्या म्हणण्याचा गाभाही इथेच आहे. व्हॉल्व्हचा टप्पा खरोखर बफर असेल तर त्याची 'ऊब' ऐकू येणार नाही. ऊब ऐकू येत असेल तर तो बफर नाही. तो आवाजात भर घालणारा टप्पा आहे आणि त्याला त्याच नावाने हाक मारली पाहिजे. दोन्ही श्रेये एकाच वेळी घेता येत नाहीत. 'मूळ जसेच्या तसे देतो' असेही म्हणायचे आणि 'मुळापेक्षा सुंदर देतो' असेही, ही भाषांतरकाराची जुनी लबाडी आहे, आणि साहित्याच्या वाचकाला ती ओळखू यायला हवी.

शिवाय ओझे वाटून घ्यायला मुळात ओझे तरी हवे. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक डॅकच्या आत रूपांतरक चिपच्या पुढे ऑप-अ‍ॅम्प आधीच बसवलेला असतो आणि १० किलोओहमचा भार तो हसत पेलतो. त्याच्यापुढे ईसीसी८८ लावणे म्हणजे सशक्त माणसाला काठी देणे, आणि ईसीसी८२ लावणे म्हणजे त्याच्यापेक्षा अशक्त माणसाच्या खांद्यावर त्याचा हात ठेवणे. कारण ईसीसी८२ च्या कॅथोड फॉलोअरचा निर्गत-रोध चारशे-साडेचारशे ओहमांच्या घरात जातो. ज्यांना ऑप-अ‍ॅम्पचे नाव काढताच शिसारी येते त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की एनई५५३४ आणि एनई५५३२ या चिपा कितीतरी ध्वनिमुद्रण कक्षांच्या मिश्रणफलकांत डझनांनी बसलेल्या होत्या. तुमच्या आवडत्या ध्वनिमुद्रिकेतील स्वर तुमच्यापर्यंत येण्याआधी अशा कित्येक चिपांतून जाऊन आलेला असण्याचा संभव दाट आहे. तेव्हा त्याचा आत्मा गेला नव्हता. तो नेमका शेवटच्या चिपेतच कसा जातो?

एक सन्माननीय अपवाद आहे. काही रूपांतरक चिपा, उदाहरणार्थ फिलिप्सची टीडीए१५४१, दाब देत नाहीत, प्रवाह देतात. तो पूर्ण पट्टीत ४ मिलिअँपिअरचा असतो. त्याला छोट्या रोधकातून नेऊन मिळणारा इवलासा दाब नेहमीच्या २ व्होल्टपर्यंत वाढवायला खरा टप्पा लागतो, आणि तिथे व्हॉल्व्ह वापरणारा माणूस एक खरी समस्या सोडवत असतो. तो वर्धक आहे, बफर नव्हे. आणि त्याची विकृती मोजून सांगता येते. या लोकांबद्दल आम्हांला आदर आहे. लॅमिंग्टन रोडवर किंवा बुधवार पेठेत सुटे भाग धुंडाळत फिरणारा माणूस आलेख काढतो, आकडे लिहून ठेवतो, आणि बहुधा आत्म्याबद्दल बोलत नाही. बोलतात ते दुसरेच. स्वस्त यंत्रांत नळीच्या बुडाशी नारिंगी दिवा लावून ती जास्त पेटलेली दिसेल अशी सोय केलेली असते; ऊब कानांनी नव्हे, डोळ्यांनी विकली जाते याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता द्यावा?

आता ज्या टप्प्यांत ऊब खरोखरच ऐकू येते त्यांच्याकडे वळू. तिथे काय घडते? एकट्या ट्रायोडने वाढवलेल्या लहरीत मूळ वारंवारितेच्या दुप्पट वारंवारितेचा अंश मिसळतो. मध्य षड्ज दिला की सोबत किंचितसा तार षड्ज येतो. तो मुळाशी इतका जुळणारा की कानाला दोष वाटत नाही, भरीवपणा वाटतो. ऊब ती एवढीच. मग वाईट काय, असे कोणी विचारील. वाईट हे की संगीत म्हणजे एकटा स्वर नव्हे. तंबोऱ्याचा षड्ज २४० हर्ट्झवर आणि गायकाचा शुद्ध गंधार ३०० हर्ट्झवर एकाच वेळी नळीत शिरले की ज्या वक्रतेमुळे तार षड्ज निर्माण झाला त्याच वक्रतेमुळे दोहोंची बेरीजही निर्माण होते: ५४० हर्ट्झ. हा तार सप्तकातील शुद्ध ऋषभ आहे. राग हिंडोल असेल तर ऋषभ वर्ज्य. गायकाने जो स्वर आयुष्यभर कटाक्षाने टाळला तो नळीने त्याच्या पदरात घातला! आणि दोन्ही स्वर सारख्याच जोराचे असतील तर हा बेरजेचा स्वर त्या गोड तार षड्जाच्या दुप्पट जोराचा असतो. हे शाळेतल्या त्रिकोणमितीने कोणालाही पडताळता येईल. तो मुळाच्या हजाराव्या भागाएवढा क्षीण असेल, कान त्याला वेगळा ओळखणारही नाही. पण 'क्षीण आहे म्हणून चालेल' हे म्हणणे एक झाले, आणि 'हेच मूळ सत्य आहे' हे म्हणणे दुसरे.

घरी कोणी काय ऐकावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. ऐकताना घातलेली भर ऐकून झाल्यावर नाहीशी होते. मूळ जागच्या जागी राहते. रसिकाने आपल्या आनंदासाठी पदाला चार ताना जास्त लावल्या तर त्याला कोणी पाठभेद म्हणत नाही. प्रश्न उद्भवतो तो लिहून ठेवताना.

आमच्या परिचयाच्या एका संगीतमंडळाने आपल्या जुन्या बैठकींच्या टेप बऱ्याच वर्षांपूर्वी डिजिटल करून ठेवल्या. काम साधेच पण सचोटीचे होते. अलीकडे कार्यकारिणीतील एका उत्साही सभासदाने असा प्रस्ताव आणला की या फायली व्हॉल्व्ह बफर असलेल्या डॅकमधून वाजवाव्यात, निघालेला 'मूळचा, जिवंत' आवाज पुन्हा मुद्रित करावा, आणि दोन-दोन आवृत्त्यांचा घोळ नको म्हणून आधीच्या फायली काढून टाकाव्यात. प्रस्ताव अद्याप मंजूर झालेला नाही. विरोध करणारे होते. पण त्यांच्याकडे शब्द नव्हते. 'तुम्हांला ऊब नको का?' या प्रश्नाला भल्या माणसाने काय उत्तर द्यावे? ऊब कोणाला नको असते? शब्द असा निवडला की वाद आधीच जिंकलेला असतो.

साहित्याच्या अभ्यासकाकडे मात्र या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि ते चार शतकांहून जुने आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली तेव्हा त्यांच्यापुढे असलेल्या पोथ्यांत लेखकुंनी आपापली भर घातलेली होती. ती भर वाईट ओव्यांचीच होती असे मानायचे कारण नाही. काही ओव्या चांगल्याही असतील. तरी त्यांनी पुढच्यांना बजावले की यात आपली ओवी घालू नका. त्यांच्याइतका कविताशक्ती असलेला माणूस हे सांगतो, यात सगळे आले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेली आणि १९६६ साली पुरी झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती याच वाटेने गेली, आणि तिची एक गोष्ट आमच्या विषयात फार मोलाची आहे: संपादकांनी क्षेपके फेकून दिली नाहीत. ती तळटीपांत आणि परिशिष्टांत ठेवली, कोणत्या पोथीत काय सापडते ते नोंदवले. ज्याला ती वाचायची आहेत त्याने वाचावीत. पण संहितेत ती संहिता म्हणून उभी राहणार नाहीत.

व्हॉल्व्हने घातलेला तार षड्ज हे क्षेपक आहे. आणि क्षेपक हे शिवीचे नाव नव्हे, पत्त्याचे नाव आहे.

यावर नेहमी येणारा आक्षेप असा की जुन्या काळी सगळेच व्हॉल्व्हवर चालत असे; तेव्हा व्हॉल्व्ह लावणे म्हणजे त्या काळाकडे परत जाणे. या आक्षेपात इतिहासही नाही आणि तर्कही नाही. गौहरजानच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका १९०२ साली कलकत्त्यात निघाल्या. ली डी फॉरेस्ट यांची तीन अग्रांची नळी १९०६ ची. ज्या आवाजाच्या वाटेत कर्णा, पडदा, सुई आणि मेण यांखेरीज काहीही नव्हते त्याला व्हॉल्व्हमधून नेऊन 'त्या काळचा' आवाज कसा मिळणार? विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण व्यवहारात आले तेच १९२५ साली. त्याआधीच्या मुद्रिकांच्या बाबतीत व्हॉल्व्ह हा ट्रान्झिस्टरइतकाच परका आहे. नंतरच्या मुद्रिकांत व्हॉल्व्ह होता, हे खरे. पण मग त्याने केलेली भर त्या मुद्रिकेत आधीच आहे. जुन्या पोथीवर लेखकूच्या हातून पडलेला शाईचा डाग आम्ही पुसत नाही, कारण तो त्या पोथीचा इतिहास आहे. म्हणून आज आपण आणखी एक डाग पाडावा आणि त्याला शिवकालीन म्हणावे, हा अधिकार आपल्याला कोणी दिला?

'शेवटी कान हाच प्रमाण' असेही म्हटले जाते. मान्य. पण कानाला साक्षीला बोलवायचे तर साक्षीचे नियम पाळावे लागतात. दोन यंत्रांपैकी जे किंचित मोठ्याने वाजते ते कानाला जास्त चांगले वाटते, ही गोष्ट ध्वनिशास्त्रात जुनी आहे; आणि विकले जाणारे पुष्कळ 'बफर' आवाज थोडासा वाढवून देतात. म्हणून दोहोंची पातळी मीटरने ०.१ डेसिबलच्या आत जुळवावी, कोणते यंत्र चालू आहे ते ऐकणाऱ्याला आणि बदलणाऱ्यालाही कळू नये, आणि दहा-वीस वेळा ओळखून दाखवावे. असे ऐकून कोणी ऊब ओळखली तर आम्ही ती मान्य करू, आणि लगेच विचारू की तिचे मोजमाप किती आले. मर्ढेकर आकाशवाणीत नोकरीला होते. आणि कलाकृतीबद्दल बोलताना तिच्या माध्यमातील संवेदनांच्या परस्परसंबंधांबद्दल बोला, हा त्यांच्या सौंदर्यविचाराचा आग्रह होता. त्यांची उपपत्ती कोणाला पटो न पटो, पण 'ऊब' या शब्दावर वाद थांबवणाऱ्याला त्यांनी पुढचा प्रश्न नक्कीच विचारला असता.

संगीतमंडळांना, ग्रंथालयांना आणि घरोघरी टेपांची खोकी सांभाळणाऱ्यांना आमचे मागणे फार मोठे नाही. टेपवरून प्रथम उतरवलेली फाईल, तिच्या खरखरीसकट आणि कोरडेपणासकट, जशीच्या तशी ठेवावी आणि तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी असाव्यात. व्हॉल्व्हमधून काढलेली आवृत्ती हवी असेल तर खुशाल काढावी, वेगळ्या नावाने ठेवावी, आणि नावाखाली लिहावे: नळी ईसीसी८८, कॅथोड फॉलोअर, पुरवठा १८० व्होल्ट, निर्गत कपॅसिटर २.२ मायक्रोफॅरड, विकृती मोजली ती इतकी, काढणाऱ्याचे नाव आणि तारीख. 'ऊबदार' हा शब्द त्या चिठ्ठीवर नको.